ज्याच्याकडे इंजिन, त्यानं थांबावं

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला: ‘सामाईक’. सामाईक विहिरी, सामाईक जिने आणि सामाईक बांध यांवर लिहिणारे पुष्कळ असतील, म्हणून मी हवेकडे वळले. गेली काही वर्षं मी कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराभोवतालच्या वस्तीत राहते. इथून पूर्वेला डोंगर ओलांडला की बायरन नावाचा छोटा विमानतळ लागतो. वैमानिकांच्या नकाशावर त्याच्या शेजारी दोन खुणा छापलेल्या असतात, एक ग्लायडरची आणि एक पॅराशूटची. पहिली सांगते की इथे बिनइंजिनाची विमानं घिरट्या घालत असतात. दुसरीचा अर्थ असा की इथे माणसं विमानातून उड्या मारतात. दोन्ही खुणा एकाच ठिकाणी बघून मला पहिल्यांदा भीती वाटली. मग कुतूहल वाटलं, आणि विषय मिळाला.

भीतीचं कारण साधं आहे. हवेत दोन गोष्टी एकमेकींच्या वाटेत आल्या, तर निदान एकीनं तरी बाजूला व्हावं लागतं. ग्लायडर बाजूला वळू शकतो, पण थांबू शकत नाही. उंची गमावली तर ती इंजिन रेटून परत मिळवण्याची सोय त्याला नाही, आणि उतरायला लागला की ती एकच संधी. उडी मारलेला माणूस त्याहून बांधलेला. विमानाच्या दारातून पाय सुटला की तो खालीच येणार. या दोघांनी एकच आकाश वापरायचं आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या घरी जायचं, हे जमतं कसं?

वारा, पवनचक्क्या आणि दोन धावपट्ट्या

लिव्हरमोर मागे टाकून वास्को रोडनं उत्तरेला निघालं की दोन्ही बाजूंना उन्हाळ्यात सोनेरी होणाऱ्या, झाडं नसलेल्या टेकड्या लागतात. मागे ऑल्टमाँट खिंडीतल्या पवनचक्क्यांच्या रांगा दिसतात. पश्चिमेला माउंट डायब्लो हा ३,८४९ फुटांचा डोंगर. पूर्वेला मात्र जमीन एकदम सपाट होते. तिथून नद्यांच्या मुखाचा प्रदेश सुरू होतो. कालवे, पाटबंधारे, हिरवी शेतं, आणि दक्षिण कॅलिफोर्नियाला जाणारं पाणी जिथून उचललं जातं तो क्लिफ्टन कोर्टचा भलामोठा जलाशय. कोरड्या टेकड्या आणि ओली शेतं यांच्या सीमेवर बायरनचा विमानतळ बसला आहे. ही सीमा लक्षात ठेवायला हवी, कारण पुढचं बरंच काही तिच्यावर अवलंबून आहे.

विमानतळ काँट्रा कोस्टा काउंटीचा. सध्याच्या रूपात तो १९९४ मध्ये सुरू झाला. दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदण्याच्या दिशेनं आखलेल्या, एक साधारण ४,५०० फुटांची आणि दुसरी ३,००० फुटांची. कंट्रोल टॉवर नाही. कोण आधी उतरेल आणि कोण थांबेल हे सांगणारा माणूसच तिथे नाही. आवारातल्या मोठ्या जमिनीवर वन्यजीवांसाठी राखीव गवताळ माळ आहे. अशा माळावर बिळात राहणारी घुबडं असतात, आणि कोल्ह्याची इथली एक दुर्मीळ जातही.

विमानतळाच्या एका भागात ग्लायडर क्लबचा तळ आहे. क्लब स्वयंसेवकांवर चालतो. शनिवारी सकाळी सभासद येतात, ग्लायडरांची आच्छादनं काढतात, पंख धरून ग्लायडर ढकलत नेतात. कोण कुठल्या क्रमानं उडणार हे एका वहीत लिहिलं जातं. दुसऱ्या भागात स्कायडायव्हिंगचा व्यवसाय. तिथे वाढदिवसाची भेट म्हणून आलेली मुलं असतात, प्रशिक्षकाला बांधून उडी मारणारे नवखे असतात, आणि हजारेक उड्या नावावर असलेले जुने लोकही. एकीकडे सगळं शांत आणि सावकाश, दुसरीकडे गाणी आणि आरडाओरडा. दोन्हीकडे बसून पाहिल्यावर मला वाटलं ते असं की हे दोन स्वभाव असले, तरी वाऱ्याकडे बघण्याची सवय एकच आहे. बोलता बोलता दोन्हीकडच्या माणसांची नजर वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या विंडसॉककडे जाते.

बघून टाळता येत नाही

हवाई नियमांचा एक जुना पाया आहे: बघा आणि टाळा. मोकळ्या हवेत वैमानिकानं डोळे उघडे ठेवावेत आणि दुसरा दिसला की बाजूला व्हावं. या विमानतळावर तेवढ्यावर भागत नाही, आणि का भागत नाही हे आकड्यांत पाहिलं की चटकन कळतं.

पोट खाली करून पडणारा माणूस ताशी साधारण १९० किलोमीटरनं खाली येतो, म्हणजे सेकंदाला पन्नासहून अधिक मीटर. जोडीनं मारायची उडी, जिला टँडम म्हणतात, बहुधा १३,००० फुटांच्या आसपास सुरू होते आणि पॅराशूट ५,००० फुटांच्या आसपास उघडतं. मधलं अंतर पाऊण मिनिटापेक्षा थोड्या जास्त वेळात संपतं. आता ग्लायडरच्या वैमानिकाच्या जागी बसा. डोक्यावर काचेचा घुमट आहे, दृष्टी मोकळी आहे. वरून येणारा माणूस एक किलोमीटरवर असताना तुमच्या डोळ्याला एक ठिपका दिसेल, तोही निरभ्र निळ्या पार्श्वभूमीवर आणि तुम्ही नेमकं तिकडेच बघत असलात तर. त्या क्षणापासून तुमच्या हातात अठरा-एकोणीस सेकंद उरतात. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे डोळ्याला काहीच न जाणवता निघून जातात.

उलट बाजूनं पाहिलं तरी फार फरक पडत नाही. ग्लायडरचे पंख पंधरा मीटर लांब असतात, पण ते इतके पातळ असतात की समोरून पाहिलं तर एक रेघ दिसते. रंग पांढरा, कारण ज्या प्लास्टिकसदृश द्रव्याचं त्याचं अंग बनलेलं असतं ते उन्हात तापू नये. शिवाय वर चढताना तो एका जागी गोल फिरत असतो, म्हणजे काही क्षण दिसतो आणि काही क्षण दिसत नाही.

हे सगळं केवळ कागदावरचं भय नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन इथे मुक्तपणे पडणारा एक स्कायडायव्हर छोट्या पायपर विमानाच्या शेपटीवर आदळला. विमानातले चारही जण गेले. उडी मारणारा घोटा मोडून वाचला. मार्च २०१४ मध्ये फ्लोरिडातल्या एका छोट्या विमानतळावर उतरत असलेलं पॅराशूट सेसना विमानाच्या पंखात अडकलं. दोघंही वाचले. पहिल्या घटनेत टक्कर उंच हवेत झाली, दुसरीत अगदी जमिनीजवळ. ग्लायडर आणि पॅराशूट एकत्र नांदवायचे तर या दोन्ही थरांचा वेगवेगळा विचार करावा लागतो.

वारा कुठून येतोय

पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटत होतं की आकाशात काहीतरी कायमची हद्द ठरलेली असेल: इकडे तुमचं, तिकडे आमचं. तशी हद्द आखता येत नाही. ती रोज हलते, काही वेळा दुपारी पुन्हा हलते, आणि ती हलवतो वारा.

उडी मारणाऱ्यांना विमानतळाच्या डोक्यावर सोडलं, तर ते विमानतळावर उतरत नाहीत. वरच्या थरात वीस नॉटचा वारा असेल, तर मिनिटभर पडणारा माणूस त्या वाऱ्याबरोबर सहाशे मीटर वाहत जातो. पॅराशूट उघडल्यावर पाच-सहा मिनिटं तो हवेत असतो आणि आणखी वाहतो. म्हणून त्याला वाऱ्याच्या दिशेला, म्हणजे वारा जिकडून येतो त्या बाजूला, पुढे नेऊन सोडावं लागतं. जंप पायलट वरचा वारा बघून विमान साधारणपणे वाऱ्याला तोंड देऊन नेतो, ठरलेल्या ठिकाणी दाराजवळचा हिरवा दिवा लागतो, आणि टोळ्या काही सेकंदांच्या अंतरानं बाहेर पडतात. मोठ्या टोळ्या आधी, टँडम शेवटी. जितकी माणसं जास्त, तितकी त्यांच्या सुटण्याच्या जागांची रेघ लांब.

बायरनला वारा बहुतेक करून पश्चिमेचा. समुद्रावरचा गार वारा डोंगरातल्या फटींतून आत घुसतो, त्याच वाऱ्यासाठी ऑल्टमाँटच्या पवनचक्क्या उभारल्या आहेत. म्हणजे उडी मारणारे बहुधा विमानतळाच्या पश्चिमेला सुटणार.

आणि ग्लायडरला काय हवं असतं? त्याला हवा असतो थर्मल, तापलेल्या जमिनीवरून वर उठणारा हवेचा स्तंभ. पाणी दिलेली हिरवी शेतं लवकर तापत नाहीत. कोरड्या टेकड्या तापतात. कोरड्या टेकड्या कुठे आहेत? पश्चिमेला. दोघांनाही नेमका तोच कोपरा हवा असतो, आणि या विमानतळाचा खरा प्रश्न मला इथे सापडला. नकाशावर रेघ ओढून तो सुटत नाही. रेघ सरळ मध्यातून काढली, तर एकाला उडता येणार नाही आणि दुसऱ्याला उतरता येणार नाही.

मग ते जागा वाटून घेण्याऐवजी वेळ वाटतात. गावाकडे सामाईक विहिरीवर पाण्याची पाळी असते तशीच ही पाळी, फरक इतकाच की इथे ती मिनिटांची आहे. उड्या मारणारं विमान जमिनीवर असतं किंवा नुकतंच चढायला लागलेलं असतं, तोवर पश्चिमेचा कोपरा ग्लायडरांचा. विमान वर पोचत आलं की ग्लायडर उड्यांच्या रेघेपासून बाजूला सरकतात. सगळे खाली आले की परत जातात. टर्बाइन इंजिनाचं विमान साधारण पंधरा-वीस मिनिटांत १३,००० फुटांवर पोचतं. एका ग्लायडरला मध्येच चांगला थर्मल सापडलेला असेल तर तो सोडून जाणं फार जिवावर येतं, हे तिथल्या एका जुन्या वैमानिकानं मला सांगितलं. तरी तो सोडतो. न सोडणाऱ्याशी नंतर जमिनीवर बाकीचे सभासद बोलतात, आणि ते बोलणं मवाळ नसतं.

निसर्गही थोडी मदत करतो. सकाळी हवा शांत असते. नवख्या उडी मारणाऱ्यांसाठी ते उत्तम, कारण अमेरिकन पॅराशूट संघटनेच्या नियमांनुसार विद्यार्थ्याला जमिनीवरचा वारा ताशी चौदा मैलांपेक्षा जास्त असला की उडी मारता येत नाही. ग्लायडरांना सकाळी काही मिळत नाही, त्यांचे थर्मल दुपारी उठतात. दुपारी पश्चिमेचा वारा वाढत गेला की विद्यार्थ्यांच्या उड्या थांबतात. अडचण येते ती मधल्या दोन-तीन तासांत, जेव्हा दोघांचीही वेळ चांगली असते.

रेडिओवरची दोन मिनिटं

टॉवर नसलेल्या विमानतळावर सगळे एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. पहिला आणि शेवटचा शब्द म्हणजे विमानतळाचं नाव, कारण शेजारच्या दुसऱ्या विमानतळाची माणसंही तीच फ्रिक्वेन्सी वापरत असू शकतात. मी ग्लायडरांच्या रांगेजवळ बसून दुपारभर तो रेडिओ ऐकला. त्यातली भाषा कोरडी आहे आणि मला ती फार आवडली. “बायरन ट्रॅफिक, जंपर्स दोन मिनिटांत, तेरा हजार फूट, विमानतळाच्या पश्चिमेला, बायरन.” मग थोड्या वेळानं, “जंपर्स अवे.” मधल्या वेळात ग्लायडर आपापली जागा सांगतात: अमुक टेकडीवर, इतक्या फुटांवर, बाजूला आहे. कुणी गप्प राहिला तर त्याला नावानं विचारलं जातं.

जंप पायलटच्या कानात दोन रेडिओ असतात. एकावर हे विमानतळाचं बोलणं. दुसऱ्यावर नॉरकॅल अप्रोच, म्हणजे उत्तर कॅलिफोर्नियाच्या हवाई वाहतुकीवर रडारनं नजर ठेवणारं केंद्र. उडीच्या किमान पाच मिनिटं आधी त्या केंद्राशी बोलणं त्याला कायद्यानं बंधनकारक आहे. पण रडारवर ग्लायडर नेहमी दिसतोच असं नाही. आपली ओळख आणि उंची कळवणारं ट्रान्सपाँडर नावाचं यंत्र बसवण्यातून ग्लायडरांना बऱ्याच ठिकाणी सूट आहे, कारण त्यांच्याकडे इंजिनच नाही, त्यामुळे वीज छोट्या बॅटरीतून पुरवावी लागते. म्हणून रडारवाल्यानं “तुझ्या खाली काही दिसत नाही” असं सांगितलं तरी जंप पायलटला तेवढ्यावर विसंबता येत नाही. दाराजवळचा अनुभवी माणूस डोकं बाहेर काढून खाली बघतो. खाली काही पांढरं फिरत असेल तर दिवा लाल राहतो.

उडी मारणाऱ्यांकडे स्वतःचा रेडिओ नसतो. विद्यार्थ्याच्या शिरस्त्राणात कधीकधी एक छोटा रिसीव्हर असतो, त्यावर खालच्या प्रशिक्षकाच्या सूचना ऐकू येतात, पण बोलता येत नाही. म्हणजे या सगळ्या संभाषणात ज्यांच्या जिवाचा प्रश्न आहे त्यांचा आवाजच नाही. त्यांच्या वतीनं विमानातला पायलट आणि जमिनीवरचा माणूस बोलतात.

अमेरिकेच्या कायद्यात वाटेच्या हक्काचा क्रम ठरलेला आहे. ग्लायडरला इंजिनवाल्या विमानापेक्षा वरचा मान. पॅराशूटच्या नियमांत वेगळं कलम आहे: हवाई वाहतुकीला धोका होईल अशी उडी मारू नये, आणि मारू देऊ नये. ही दोन्ही कलमं शेजारी ठेवली की जबाबदारी कुणाकडे येते ते स्पष्ट दिसतं. ग्लायडर थांबू शकत नाही. उडी मारलेला थांबू शकत नाही. या तिघांत एकालाच परत एक फेरी मारता येते, आणि तो म्हणजे जंप पायलट. त्याच्या हातात इंजिन आहे. त्यानं दिवा हिरवा केला नाही, तर काहीही बिघडत नाही. फार तर थोडं इंधन जातं आणि मागे बसलेली माणसं कुरकुरतात.

मला वाटतं या विमानतळाची सारी सुरक्षितता या एका माणसावर उभी आहे, आणि त्याची फारशी कदर होत नाही. जंप पायलट बहुतेक वेळा तरुण असतो. प्रवासी विमान कंपनीत जाण्यासाठी साधारणपणे १,५०० तासांचा अनुभव लागतो, आणि ते तास भरून काढण्याचा हा एक मार्ग आहे. पगार बेताचा. दिवसभर चढ, सोड, उतर. धंदा खेपांवर चालतो, म्हणजे एखादी खेप उशिरा झाली की नुकसान दिसतं. वाट बघून टळलेला अपघात मात्र हिशेबाच्या कुठल्याच वहीत दिसत नाही. अशा जागी बसून एक वीस-बावीस वर्षांचा मुलगा किंवा मुलगी “नाही, परत एक फेरी” म्हणते, हे मला त्या सगळ्या उड्यांपेक्षा धाडसाचं वाटलं. त्याला असं म्हणता यावं, त्यावर कुणी त्याला टोचू नये, हे बघणं मालकाचं काम आहे आणि ग्लायडर क्लबचंही.

माणसं सोडून झाली की ते विमान स्वतःच एक धोका होतं. रिकामं विमान नाक खाली करून मिनिटाला काही हजार फुटांच्या वेगानं उतरतं, आणि पुष्कळदा आपल्याच प्रवाशांच्या आधी जमिनीवर पोचतं. त्या उतारात त्याला कुठली बाजू मोकळी ठेवायची, तेही आधी ठरवून रेडिओवर सांगावं लागतं.

शेवटचे हजार फूट

खालच्या थरात गोष्ट वेगळी होते. आजचं पॅराशूट म्हणजे गोल छत्री नव्हे. समोरून हवा आत शिरून फुगणाऱ्या कप्प्यांचा तो एक चौकोनी पंख असतो. १९६० च्या दशकात डोमिना जॅलबर्ट या माणसानं ही रचना शोधली. ती वळवता येते, पुढे जाते, वेग कमी करून अलगद टेकते. ग्लायडर एक किलोमीटर खाली येताना चाळीस किलोमीटर पुढे जाऊ शकतो, तर पॅराशूट अडीच-तीन किलोमीटर जातं. पण तत्त्व एकच. दोघंही उतरताना तोच आकार काढतात: आधी वाऱ्याबरोबर, मग काटकोनात वळून, मग वाऱ्याला तोंड देऊन. दोघंही तो आकार साधारण हजार फुटांच्या आसपास सुरू करतात.

एकाच उंचीवर, एकाच वाऱ्यात, दोन बिनइंजिनाच्या गोष्टी एकाच वेळी उतरायला लागल्या तर दोघांच्या वाटा एकमेकींना छेदू द्यायच्या नाहीत. म्हणून अशा विमानतळांवर पॅराशूटची उतरण्याची जागा धावपट्टीच्या एका बाजूला ठेवतात आणि ग्लायडरांचा फेरा दुसऱ्या बाजूला. हजार फुटांच्या खाली पॅराशूटनं धावपट्टी ओलांडायची नाही, असा दंडक बऱ्याच ठिकाणी असतो. हुकलात तर हुकलात, शेतात उतरा आणि चालत या. बायरनला कडेचं गवत मोकळं आहे, ही त्यांची मोठी सोय.

ग्लायडर वर नेण्यासाठी इथे दुसरं विमान लागतं. साधारण दोनशे फुटांच्या दोरीनं एक इंजिनाचं विमान त्याला ओढत नेतं. जगभर यासाठी शेतीवर फवारणी करण्यासाठी बनवलेली पायपर पॉनी वापरतात, कारण त्यांना ताकद भरपूर असते. ही दोरीनं बांधलेली जोडी हवेत सगळ्यांत असहाय असते. ती झटकन वळू शकत नाही. जमिनीपासून थोड्याच उंचीवर दोरी तुटली तर ग्लायडरला मागे वळून त्याच धावपट्टीवर यावं लागतं, आणि तेव्हा त्या पट्टीवर एखादं पॅराशूट गोळा करत कुणी उभा असेल तर संपलंच. म्हणून आकाशात छत्र्या असतील तोवर दोरी ताणली जात नाही. पंख धरून उभा असलेला माणूस वर बघत मोजतो. शेवटचा उतरला, पट्टी मोकळी झाली, की मगच पंख आडवा धरून खूण करतो.

पुण्याच्या वाचकांना हडपसरचं ग्लायडिंग सेंटर माहीत असेल. तिथे ग्लायडर विमानानं नव्हे, तर जमिनीवरच्या विंचनं, लांबलचक केबल गुंडाळत वर खेचतात. बायरनला तशी पद्धत असती तर हा सगळा ताळमेळ आणखी कठीण झाला असता. ताणलेली केबल हजार-दीड हजार फुटांपर्यंत उभी राहते, बारीक असल्यानं दिसत नाही, आणि पॅराशूटला कापून काढू शकते. आपल्याकडे हे दोन खेळ एका मैदानावर सहसा भेटलेलेच नाहीत, जरी दोन्हींना पुण्यानं माणसं दिली. २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर पॅराशूट उडी मारणाऱ्या पद्मश्री शीतल महाजन पुण्याच्याच. इंग्लंडमध्ये मात्र ऑक्सफर्डजवळच्या वेस्टन-ऑन-द-ग्रीनच्या गवताळ मैदानावर हवाई दलाचे पॅराशूटवाले आणि ग्लायडर क्लब यांनी अनेक वर्षं एकत्र काढली.

हाकलून का देत नाहीत

माझा साधा प्रश्न होता: एवढी दगदग करण्यापेक्षा यातल्या एकाला दुसरीकडे का पाठवत नाहीत? उत्तर कायद्यात आहे. ज्या विमानतळानं संघराज्य सरकारचा पैसा घेतला, त्याला कुठल्याही प्रकारच्या उड्डाणाला विनाकारण मज्जाव करता येत नाही. उड्या मारणं आणि ग्लायडर उडवणं हे दोन्ही त्यात येतं. सुरक्षिततेचं कारण पुढे करायचं तर ते सिद्ध करावं लागतं, नुसतं “आम्हाला गैरसोय होते” चालत नाही. म्हणून दोघांना एकमेकांसोबत राहण्यावाचून पर्याय नाही. मला हे बंधन योग्य वाटतं. पर्याय असता तर ज्याच्याकडे पैसा जास्त, तो राहिला असता.

शिवाय हे दोन खेळ मुळात इतके परके नाहीत. १९०५ मध्ये, इथून फार लांब नाही अशा सांता क्लारामध्ये, जॉन माँटगोमेरी नावाच्या प्राध्यापकानं बनवलेला ग्लायडर गरम हवेच्या फुग्याला टांगून हजारो फुटांवर नेला जाई आणि तिथून सोडला जाई. तो उडवणारा डॅनियल मलोनी फुग्यातून पॅराशूटनं उड्या मारणारा जत्रेतला खेळाडू होता. उंचीची भीती मोडलेला माणूस हवा होता, तो असा मिळाला. त्याच वर्षी जुलैमध्ये वर नेताना फुग्याची दोरी ग्लायडरला लागली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि सुटल्यावर ग्लायडर मोडून मलोनी मरण पावला. सहा वर्षांनी माँटगोमेरीही ग्लायडरच्याच अपघातात गेले.

आजही दोघांना बांधणारी एक वस्तू आहे. पुष्कळ ग्लायडर वैमानिक पाठीवर आणीबाणीचं पॅराशूट बांधून बसतात. ते दर १८० दिवसांनी परवानाधारक माणसाकडून उघडून, तपासून, पुन्हा घडी घालून घ्यावं लागतं. या माणसाला रिगर म्हणतात. स्कायडायव्हरांच्या राखीव पॅराशूटलाही तोच १८० दिवसांचा नियम. रिगरच्या लांब टेबलावर दोन्हीकडच्या पिशव्या येतात. त्या टेबलाशी उभी राहून मी एका घडीची सगळी क्रिया बघितली. प्रत्येक दोरी बोटांनी चाचपली जाते, प्रत्येक टाका बघितला जातो, आणि शेवटी बारीक लाल दोऱ्यावर शिशाचं सील बसतं. त्या कामात घाई अजिबात नाही.

ऑगस्ट २००६ मध्ये नेवाडात मिंडेनच्या जवळ, सुमारे १६,००० फुटांवर, एक ग्लायडर आणि एक हॉकर जेट एकमेकांवर आदळले. ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर होता, पण बॅटरी वाचवण्यासाठी बंद ठेवलेला होता. ग्लायडरचे तुकडे झाले. वैमानिक पाठीवरच्या पॅराशूटमुळे वाचला. जेटही कसंबसं उतरलं आणि त्यातले सगळे वाचले. तेव्हापासून ग्लायडरवाले बॅटरीच्या काटकसरीबद्दल बोलताना मिंडेनचं नाव घेतातच.

पाहुणा

रोजचे लोक एकमेकांचे आवाज ओळखतात. वर्षारंभी दोन्ही गट आपापल्या सुरक्षा बैठका घेतात. अमेरिकेतले स्कायडायव्हर मार्चमध्ये ‘सेफ्टी डे’ पाळतात, ग्लायडर क्लबांत वसंतात उजळणीची उड्डाणं होतात. माझ्याशी बोललेल्या बहुतेकांना काळजी शेजाऱ्याची नव्हती, पाहुण्याची होती.

पाहुणा म्हणजे शनिवारी सहज उडायला निघालेला छोट्या विमानाचा वैमानिक. त्याला शिकवलेलं असतं की अनोळखी, टॉवर नसलेल्या विमानतळावर उतरायचं असेल तर आधी वरून जाऊन विंडसॉक बघावा. बहुतेक ठिकाणी ती चांगली सवय आहे. इथे ती सर्वांत वाईट. तो नेमका तिथूनच जातो जिथे माणसं पडत असतात. आणि अशा विमानतळाजवळ उडताना रेडिओ असलाच पाहिजे असं कायदा म्हणत नाही, म्हणजे तो कदाचित कुणाचं ऐकतही नसेल.

आमच्या भागातल्या मराठी घरांतून आता विमान चालवायला शिकणारे बरेच निघाले आहेत. लिव्हरमोर, पालो आल्टो, सॅन कार्लोस इथे त्यांचे वर्ग चालतात. त्यातल्या काहींना मी विचारलं, तर नकाशावरची ती बारीक पॅराशूटची खूण त्यांना पाठ होती, पण ती ओलांडताना नेमकं काय करायचं याबद्दल उत्तरं डळमळीत होती. बायरनच्या जंप पायलटांचं उत्तर मात्र एकसारखं होतं. विमानतळाच्या डोक्यावरून जाऊ नका, वारा येतो त्या बाजूनं तर नकोच. दहा मैलांवर असतानाच त्यांच्या फ्रिक्वेन्सीवर आपली जागा सांगा. आणि नॉरकॅल अप्रोचकडे ‘फ्लाइट फॉलोइंग’ मागा, म्हणजे विमान माणसं सोडण्याच्या बेतात असलं की कंट्रोलर तुम्हाला आधी कळवू शकतो. त्याचे पैसे पडत नाहीत. फक्त मागावं लागतं.